बैलांच्या बोलीत शिकलेले पिल्लू

देवळीला ज्यांना रूपरावजी आठवतात, त्यांना ते शंकरपटाचे धुरकरी म्हणून आठवतात. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, आणि हलक्या छकड्यावर बसून जोडी हाकतो तो धुरकरी. रूपरावजींच्या हाताखाली बैल कसा धावायचा, हे मी फक्त ऐकले. मी १९७७ साली तिथल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या कचेरीत हिशेबनीस म्हणून लागलो आणि त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहू लागलो, तेव्हा त्यांचे हाकणे संपले होते. आदल्याच माघात एका पटात छकड्याचे चाक निखळून ते पडले होते आणि कंबरेचे हाड मोडले होते. हाड जुळले, पण डावा पाय आखडला. म्हणून मला रूपरावजी आठवतात ते एका कुत्र्याच्या पिल्लासाठी.

पटाची जोडी त्यांनी विकून टाकली होती. शेत मोठा मुलगा पाहायचा. रूपरावजी दिवसभर छपरीतल्या बाजेवर बसून रस्त्याकडे पाहत राहायचे. दिवाळीनंतर त्या रस्त्याने कापसाच्या गाड्या जिनकडे जायच्या, सकाळपासून दिवे लागेपर्यंत. रूपरावजी प्रत्येक गाडीत खोट काढायचे.

"डावा बैल अंग चोरून राह्यला," ते म्हणायचे. किंवा, "जू उजवीकडं उतरलं त्याचं. मान लागन त्या जनावराची."

हे ते कोणाला सांगायचे, ते त्यांनाच ठाऊक. गाडीवाला पुढे निघून गेलेला असायचा. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले होते. कोकिळाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, काठी आणून हातात द्यायच्या.

"चालून जाऊ कोठी?" रूपरावजी विचारायचे, आणि काठी बाजेखाली सरकवून द्यायचे.

आमच्या जिनच्या चौकीदाराची कुत्री त्या वर्षी कापसाच्या गाठींमागे व्याली. पिल्ले महिन्याभरात आवारभर हुंदडायला लागली. रूपरावजींना एकदा मी हे सहज सांगितले, तर ते म्हणाले, "आना एखादं, बाबू. कोन्या तरी जनावराचं तोंड दिसन घरात." मी त्यातले सर्वांत चपळ पिल्लू निवडले. हिशेबनिसाने माल पारखून घ्यावा, एवढाच माझा विचार. तांबूस अंग, कपाळावर पांढरा टिकला, आणि जमिनीवर ठेवले की आपल्याच शेपटीमागे गरगर फिरायचे. रूपरावजींच्या मुलीने, जयवंताने, त्याचे नाव भवऱ्या ठेवले.

भवऱ्याने आठवड्यात घर डोक्यावर घेतले. माझी एक चप्पल गेली. दुसरी मी खुंटीला टांगू लागलो. कोंबड्या छपरावर राहायला गेल्या. सकाळी जयवंता रांगोळी काढायची आणि भवऱ्या त्यात लोळून घरभर रंग घेऊन जायचा.

"बाबू," कोकिळाबाई मला म्हणाल्या, "घरात एक उठत नाई, अन् तुम्ही आनलं ते बसत नाई. मी कोनाकोनाले पाहू?"

"लहान आहे काकू, सुधरेल," म्हणालो.

"लहान तं हे बी होते कधी," त्या बाजेकडे पाहून म्हणाल्या.

मग मुगवड्यांचे प्रकरण झाले. जयवंताचे लग्न वैशाखात ठरले होते, आणि लग्नघरचे वाळवण कोकिळाबाईंनी थंडीपासूनच सुरू केले होते. अंगणात बाजेवर मुगवड्या वाळत होत्या. भवऱ्या बाजेवर चढला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळाला, आणि परत आला. उरलेल्या वड्या अंगाला चिकटवून तो कोकिळाबाईंसमोर जाऊन उभा राहिला आणि शेपूट हलवू लागला.

कोकिळाबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पिल्लू उचलून रूपरावजींच्या मांडीवर ठेवले.

"आयका," त्या म्हणाल्या. "चैतात कुरोड्या, पापड, सरगुंडे समदं करा लागते. चार घरच्या बाया येतीन, अंगण भरून वाळवण राहीन. त्या दिवशी तानबा गाडी घेऊन येते. ह्याचा एक पाय जरी माह्या कुरोडीवर पडला, तं हे तानबाच्या गाडीत बसून अल्लीपूरले जाईन. त्याले वावरात कुत्रं पाह्यजेच, डुकरं हाकलाले."

तानबा हा कोकिळाबाईंचा धाकटा भाऊ, अल्लीपूरला शेती करायचा. माणूस चांगला होता. पिल्लाचे हाल झाले नसते, पण वावरात साखळीला बांधले गेले असते एवढे खरे.

रूपरावजींनी पिल्लाच्या पोटावर चिकटलेला मूग बोटाने खरवडून काढला. त्यांना ते पिल्लू किती हवे होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. मी कचेरीला निघालो तेव्हा बाज रिकामी होती. रूपरावजी काठी टेकत अंगणाच्या मधोमध उभे होते आणि जयवंताला सांगत होते, "जाय, कोठ्यातून ढेप आन मूठभर."

सरकीची ढेप हा बैलांचा खाऊ. नवा गोऱ्हा जुवाला लावताना रूपरावजी चाबूक घेत नसत. गोऱ्ह्याने एक काम ऐकले की मूठभर ढेप, नाही ऐकले तर काहीच नाही. तेच त्यांनी इथे लावले. भवऱ्याने ढेप हुंगली, शिंकला आणि पळून गेला.

"बाबा, कुत्रं आहे ते," जयवंता म्हणाली.

"मंग काय देऊ?"

"भाकर द्या ना ताकात बुडवून."

ज्वारीच्या भाकरीच्या नखाएवढ्या तुकड्यावर काम सुरू झाले. पहिला धडा पाटाचा. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट त्यांनी अंगणात ठेवला आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसले. भवऱ्या भोवती फिरला, पाट चावून पाहिला, चुकून त्यावर एक पाय ठेवला. लगेच तुकडा. दोन पाय पडले, पुन्हा तुकडा. मागचे पाय मात्र जमिनीवरच राहायचे. पुढून राजा, मागून भिकारी, असे ते ध्यान उभे राहायचे.

"याले माहीतच नाई," रूपरावजी मला म्हणाले, "का आपल्याले मांगं बी दोन पाय आहेत. गोऱ्ह्याचं बी असंच राह्यते, बाबू. पुढचे पाय डोयाले दिसते, मांगचे कोन पाह्यलेत?"

त्यासाठी शिडी निघाली. माळ्यावर चढायची शिडी जमिनीवर आडवी टाकली आणि दुसऱ्या टोकाला जयवंता भाकर घेऊन बसली. भवऱ्या धावत सुटला आणि पहिल्याच दांड्यात अडखळून नाकावर आपटला. मग हळू आला. पुढचे पाय उचलले, मागचे अडकले. तो मागे वळून आपल्याच पायांकडे असा पाहू लागला की जणू कोणी तरी शेजारचे पाय त्याला लावून गेले आहे. जयवंता हसून हसून भाकर विसरली. काही दिवसांनी मात्र तो शिडीवरून अंग सावरून, एकेक पाय उचलून जायला लागला, जशी कोणी बाई भरली घागर घेऊन चिखलातून जाते.

रूपरावजी खेळ लवकर थांबवायचे. पिल्लू आणखी मागत असताना पाट उचलायचे.

"आता तर रंगात आलं होतं," मी म्हणायचो.

"म्हनूनच. कंटाळल्यावर सोडलं तं उद्या कंटाळूनच येईन."

उड्या मारायला शिकवा, असे जयवंता मागे लागली होती. तिने वर्ध्याला सर्कस पाहिली होती. रूपरावजींनी पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, एक काडी जमिनीवर ठेवली आणि एवढीच ओलांडू दिली. "हाडं कवळी आहेत," ते म्हणाले. "कवळ्या गोऱ्ह्याले वझं लावलं तं तो जन्माचा बसते." हे बोलताना त्यांनी स्वतःचा पाय चोळला, आणि मग जयवंताने पुन्हा उडीचे नाव काढले नाही.

जिनमधून मी एक रिकामे बारदान आणून दिले. त्याचे बूड उसवले की दोन्हीकडून उघडा बोगदा झाला. त्यातून भवऱ्या आरपार जायला शिकला. एका बाजूने खाल मानेने शिरायचा आणि दुसरीकडून कान उडवत बाहेर पडायचा. एखाद्या वस्तूला वळसा घालून ये, हेही शिकवायचे होते. अंगणात वळसा घालण्यासारखे एकच होते, तुळशीवृंदावन. कोकिळाबाई बाहेर आल्या आणि पाहतच राहिल्या.

"मी इतले वर्षं सांगून राह्यली का तुळशीले फेऱ्या घाला म्हनून," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "तं तुम्ही ते काम कुत्र्यावर टाकलं."

मग वळशासाठी एक खुंट रोवला गेला. या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही, पण घरात सर्वांनी पाहिली. पाटापासून शिडीकडे, शिडीपासून खुंटाकडे रूपरावजी काठी टेकत दिवसभर चालत असायचे. कोकिळाबाईंनी काठीला खालून रबर ठोकून आणले. आणि अट मात्र तशीच ठेवली.

चूक झाली ती बोलण्यात. रूपरावजींना जनावराशी बोलायची एकच बोली येत होती. जीभ टाळूला लावून "टक् टक्" केले की निघायचे, "हो... हो" म्हटले की थांबायचे, "फीर" म्हटले की वळायचे. भवऱ्याने ती बोली चांगली उचलली. अडचण अशी की आमचे घर कापसाच्या रस्त्यावर होते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक गाडीवाला तीच बोली बोलत होता.

भवऱ्या अंगणात पाटावर गुणी मुलासारखा उभा असायचा. रस्त्यावरून कोणी "टक् टक्" करी, आणि हा बाणासारखा फाटकातून बाहेर. कोणी "हो... हो" म्हणून बैल थांबवी, आणि हा कोंबडीमागे धावता धावता जागच्या जागी थिजून जाई. कोंबडीलाही त्याचे नवल वाटायचे. ती थांबून मागे पाहायची. एके दिवशी मी कचेरीत गठ्ठ्यांची बिले लिहीत होतो, तर दारात भवऱ्या. एका गाडीच्या मागे मागे, गाडीवान म्हणेल तिथे थांबत आणि चालत, तो जिनपर्यंत आला होता.

"साऱ्या पंचक्रोशीचं आयकते," कोकिळाबाई म्हणाल्या, "घरच्याचं तेवढं सोडून."

उलटही होत होते. रूपरावजींचा आवाज म्हणजे धुरकऱ्याचा आवाज. त्यांनी अंगणातून "हो... हो" म्हटले की रस्त्यावरचे बैल उभे राहायचे. एकदा भरल्या गाडीचा गाडीवान खाली उतरून फाटकाशी आला.

"रूपरावजी, माहे बैल काऊन थांबवता? मांगं धा गाड्या आहेत."

"तुह्या बैलाले कोन बोललं? मी कुत्र्याले बोलून राह्यलो."

"मंग कुत्र्याले कुत्र्यासारखं बोला ना."

गाडीवान गेला. रूपरावजींना कुत्र्यासारखे बोलणे म्हणजे काय, हेच माहीत नव्हते. मी दोन-चार नवे शब्द सुचवले. पण ऐन वेळी त्यांच्या तोंडून "हो... हो"च निघायचे, आणि भवऱ्याआधी रस्त्यावरची गाडी थांबायची. कुरड्यांचा दिवस जवळ येत होता, आणि पिल्लाचा लगाम साऱ्या रस्त्याच्या हाती होता.

शेवटी त्यांनी तोंडच बंद केले. अंगणात उतरण्यापूर्वी एक अख्खी सुपारी गालात धरायची आणि सगळे हाताने सांगायचे. तळहात पुढे केला की थांब. हात बाजूला फिरवला की त्या बाजूने वळसा घालून जा. हात छातीशी आणला की परत ये. गाडीवाल्यांचे ऐकले तर भाकर नाही, हाताचे ऐकले तर भाकर. सुरुवातीला भवऱ्या रस्त्याकडे धावायचा, रिकाम्या तोंडाने परत यायचा आणि रूपरावजींच्या हाताकडे टक लावून बसायचा. रूपरावजींनाच ते जड गेले. आयुष्यभर तोंडाने जनावर चालवलेला माणूस. बोलायची उबळ आली की त्यांचा गाल फुगायचा. जयवंता म्हणायची, "बाबा, सुपारी गिळानं." पण होळी झाली तेव्हा रस्त्यावरून कोणी कितीही "टक् टक्" करो, भवऱ्याचा फक्त एक कान हलायचा.

कुरड्यांचा दिवस रविवारचा होता, म्हणून मी घरी होतो. उजाडायच्या आत चूल पेटली. गव्हाचा चीक मोठ्या गंजात शिजत होता आणि आळीतल्या बाया सोरे घेऊन आल्या होत्या. त्यांत शेजारच्या आनंदाबाई होत्या. त्यांची जीभ सोऱ्यापेक्षा जास्त चालायची. अंगणभर धुतलेली धोतरे अंथरली होती, आणि त्यांच्या मधून पाय ठेवण्यापुरत्या अरुंद वाटा सोडल्या होत्या. ऊन चढले तोवर सारे अंगण पांढऱ्या, ओल्या कुरड्यांनी भरून गेले. छपरीच्या कडेला पाट, पाटावर भवऱ्या, शेजारी स्टुलावर रूपरावजी, गालात सुपारी.

"काऊन वं कोकिळा," आनंदाबाई म्हणाल्या, "कुत्रं पाटावर अन् मानूस स्टुलावर. जेवाले कोनाले वाढायचं आधी?"

"दोघाईले बी नाई," कोकिळाबाई सोरा फिरवत म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत पाह्यतो, मंग ठरवतो."

तानबाची गाडी दहाच्या सुमारास आली. फाटकाशी त्याने दणदणीत "हो... हो" केले आणि उतरून आत येताना "टक् टक्" करून बैल सावलीला सरकवले. भवऱ्या हलला नाही. रूपरावजींनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांचा गाल फुगला. तानबा कुरड्यांच्या मधून वाट काढत छपरीत आला. त्याच्या खांद्यावर दोरी होती.

"भाऊजी, हेच काय ते? चांगलं दिसते. माह्या वावरात शोभन."

रूपरावजींनी स्टूल पाटाच्या आणखी जवळ ओढले.

दुपारी बाया स्वयंपाकघरात जेवायला बसल्या. तानबाही आत होता. रूपरावजी पाटाशेजारून उठायला तयार नव्हते, म्हणून मीही त्यांच्याजवळ बसलो होतो. फाटक तानबाने नीट लावले नसावे. आनंदाबाईंची बकरी ते डोक्याने ढकलून आत आली. मागे दोन पिले.

बकरी फाटकाजवळच्या धोतराशी थांबली आणि एका टोकापासून कुरड्या खायला लागली. पिले त्याहून वाईट. ती खेळत खेळत वाटांमधून अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली, चारी बाजूंनी ओल्या कुरड्या. मी उठायला गेलो तर रूपरावजींनी माझा सदरा धरला. त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली.

"बसा, बाबू. तुम्ही उठले का पिलं उधळतीन. समद्या धोतरावरून नाचत जातीन."

एवढ्यात कोकिळाबाई ताक न्यायला स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले मात्र, एका पिलाने टुणकन उडी मारली आणि त्याचा मागचा पाय एका धोतराच्या कडेवर पडला. कोकिळाबाईंनी पाऊल मागे घेतले. त्यांच्या मागे बाया गोळा झाल्या. सर्वांना कळत होते की ओरडायचे नाही. त्यानंतर त्या नवराबायकोचे भांडण झाले ते अंगणाच्या दोन टोकांवरून, कुजबुजत.

"सोडा ना त्याले," कोकिळाबाई म्हणाल्या.

"कोनाले?"

"त्या कुत्र्याले. फिरवून आनन नं ते पिलाईले?"

"आनन. पन अट काय होती?"

"अट घाला चुलीत. बकरी खाऊन राह्यली."

"नाई, पाय पडला तं? तानबा दोरी घेऊन बसला आहे."

"अजी, ते दुसरी ओळ खाऊन राह्यली."

"मले दिसते. तू सांग, पाय पडला तं अल्लीपूर का नाई?"

कोकिळाबाईंनी बकरीकडे पाहिले, कुरड्यांकडे पाहिले, आणि नवऱ्याकडे पाहिले. रूपरावजी स्टुलाच्या कडेवर आले होते. चेहऱ्यावर एवढी भीती मी त्यांच्या कधी पाहिली नव्हती.

"तुम्ही सोडा," त्या म्हणाल्या. "पुढचं पुढं."

एवढ्यावर रूपरावजींना भागवावे लागले. त्यांनी उजवा हात बाजूला फिरवला.

भवऱ्या पाटावरून उतरला. भुंकला नाही. भिंतीच्या कडेच्या वाटेने तो चालत निघाला, धावतही नव्हता. धोतरांच्या कोपऱ्याशी वाट जिथे वीतभर उरली होती तिथे त्याने पाय उचलले, आधी पुढचे, मग मागचे, एकेक करून. बाया दारात एकमेकींच्या खांद्यांवरून पाहत होत्या. तो पिलांच्या मागे पोहोचला आणि रूपरावजींचा तळहात पुढे आला. भवऱ्या थांबला. पिलांनी वळून त्याच्याकडे पाहिले. त्याने नाक पुढे केले, बस. दोन्ही पिले ज्या वाटेने आली होती त्याच वाटेने, घाई न करता, आईकडे चालू लागली. मागे भवऱ्या. बकरीने मान वर केली, कुरडईचा तुकडा तोंडात तसाच, आणि कुत्रा पाहून पिलांसकट फाटकाबाहेर निघून गेली.

रूपरावजींनी हात छातीशी आणला. भवऱ्या वळला आणि तसाच परत यायला लागला. मधल्या धोतरांपर्यंत आला, त्यांच्याही पुढे आला.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जयवंताला राहवले नाही. तिने टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, "ये माह्या राजा."

भवऱ्या शेवटी पाच महिन्यांचे पिल्लू होते. त्याने वाट सोडली आणि समोरच्या धोतरावरून सरळ तिच्या अंगावर झेप घेतली.

तो तिच्या कडेवर होता, तिचे नाक चाटत होता. धोतराच्या मध्यावर एका ओल्या कुरडईत त्याचा पंजा उमटला होता. चार बोटे, मागची गादी, नखेसुद्धा. जयवंता रडवेली झाली. "आई, माही चूक झाली, त्याची नाई," ती म्हणाली. तानबा जेवण अर्धे टाकून बाहेर आला होता आणि त्याने खांद्यावरची दोरी हातात घेतली. रूपरावजी स्टुलावरून उठले होते. काठी घ्यायचे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते, म्हणून त्यांनी माझा खांदा धरला होता, आणि तो घट्ट धरला होता.

कोकिळाबाई वाटेने चालत त्या धोतरापर्यंत आल्या. पदर खोचून खाली वाकल्या. बराच वेळ त्यांनी त्या कुरडईकडे पाहिले.

"हा बकरीचा पाय आहे," त्या म्हणाल्या.

बाया पुढे सरकल्या आणि वाकून पाहू लागल्या. आनंदाबाई सर्वांत पुढे होत्या. बकरी त्यांची होती आणि आळ आपल्या घरावर येतो आहे हे त्यांना कळले होते.

"अवं कोकिळा, डोळे आहेत का नाई तुले? माह्या बकरीले पंजे कवा आले?"

"आजच आले," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि ती कुरडई उचलून त्यांनी जयवंताच्या कडेवरच्या पिल्लाच्या तोंडात दिली.

आधी आनंदाबाईच हसल्या. मग सगळे अंगण हसले. रूपरावजींना हसू आणि सुपारी एकदम सांभाळता येईना, तेव्हा मला त्यांच्या पाठीवर थापा माराव्या लागल्या. तानबा दोरी हातात धरून बहिणीकडे पाहत उभा होता.

"मंग बाई, मी काय नेऊ?"

"तू आधी जेव," कोकिळाबाई म्हणाल्या. "ताट तसंच टाकून आला. अन् जाताना फाटक नीट लावजो."

तानबाने दोरी गुंडाळून छपरीच्या खुंटीला अडकवली आणि तो पुन्हा हात धुवायला गेला.